ज्वारीच्या वावरातलं तारू

बाईंनी भर वर्गात टोपली पेटवली, त्या दिवशी मला त्यांच्या हाताखाली येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

दिवा लावून कोणी तो झाकून ठेवत नाही, एवढाच त्या दिवसाचा धडा होता. दुसऱ्या कोणीही तो वाचून दाखवला असता, चार वाक्यांत अर्थ सांगितला असता आणि प्रार्थना करून वर्ग सोडला असता. बाईंनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, रॉकेलची चिमणी पेटवली आणि तिच्यावर बांबूची टोपली पालथी घातली.

"आता काय दिसतंय?"

"काहीच नाही," अंधारातून कोणीतरी म्हणालं.

बाई खूश झाल्या. झाकलेल्या दिव्याविषयी त्या इतक्या रंगून बोलू लागल्या की टोपली विसरूनच गेल्या. समोर बसलेल्या बाया विसरल्या नव्हत्या. पण धूर हाही धड्याचाच भाग असेल, असं वाटून त्या मुकाट्यानं डोळे पुसत बसल्या. टोपलीच्या बुडातून जाळ वर आला तेव्हा शेजारच्या खोलीतून मोठे मास्तर बादली घेऊन धावत आले. त्यांनी आग विझवली, कोटावरचे शिंतोडे झटकले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, शास्त्रात माप म्हटलं आहे. धान्य मोजायचं माप. टोपली म्हटलेलं नाही."

"माप मागायला तुमच्याकडेच येणार होते," बाई म्हणाल्या. "पण ते तुमच्या कपाटात असेल, आणि कपाटाला कुलूप असेल."

हे भांडण जुनं होतं, आणि दोघांनाही ते फार आवडायचं असं मला पुढं कळलं.

आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत होता. शहाद्याच्या अलीकडे एका गावाला लागून मिशनचं आवार होतं. खेड्यापाड्यांतून काम करणारे उपदेशक दिवाळीनंतर तिथं शिकायला यायचे आणि होळीला आपापल्या गावी परत जायचे. येताना बायकामुलं बरोबर असायची. पुरुषांना मोठे मास्तर शिकवत. बायकांसाठी नगरकडून या बाई आल्या होत्या. लवकर विधवा झालेल्या, बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या नऊवारीतल्या. काखेत कायम एक काळी छत्री. ती त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिनं त्या नकाशा दाखवत, कुत्री हाकलत, आणि एखादी बाई फार लाजायला लागली तर तिची हनुवटी हळूच वर करत.

प्रार्थना त्या उघड्या डोळ्यांनी करायच्या. एकदा मी कारण विचारलं. "अगं, या बायांची तान्ही पोरं चुलीपाशी रांगत असतात. सगळ्यांनीच डोळे मिटून कसं चालेल?"

मोठे मास्तर म्हणजे दुसरं टोक. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. त्यांनी कुठल्याशा मोठ्या विद्यालयात शिक्षण घेतलं होतं आणि त्यांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. त्यात बायबलातला कोणता शब्द कुठं येतो ते सांगणारी जाडजूड सूची होती, बायबलाचा सचित्र शब्दकोश होता, कापडावर चिकटवलेले पवित्र भूमीचे नकाशे होते. आसपासच्या मुलुखात असं कपाट दुसरं नसावं. वाळवीच्या आणि हळदीच्या बोटांच्या भीतीनं मास्तर ते कुलूपबंद ठेवत. नकाशा बघायचा तर काचेबाहेर उभं राहून बघायचा. बाई तसं बघत, आणि छत्रीच्या टोकानं काचेवर टकटक करून म्हणत, "मास्तर, यार्देन नदी जरा डावीकडं सरकवा, कपाटाच्या बिजागरीखाली गेलीय."

बाईंची अभ्यासाची साधनं वेगळी होती. दोर, तराजू, मातीची गाडगी, मूठभर मोहरी, आणि सगळ्यात मोठं साधन म्हणजे समोर बसलेल्या बाया. कुठलाही उतारा घेतला की त्या प्रथम विचारायच्या, "कोण कुठं उभं आहे?" आणि बायांना तसं उभं करायच्या. कोणी येशूला ओळख न देणारा पेत्र, कोणी तेव्हा आरवलेला कोंबडा, कोणी शेकोटी. शेकोटी झालेली बाई घरी जाऊन नवऱ्याला सगळी गोष्ट सांगू शकायची, कारण ती त्या जागी होती.

मी स्वतः नवापूरकडच्या डोंगरातली. घरी आमची बोली वेगळी, शाळेत पुस्तकी मराठी. मी धर्मशिक्षणाची सगळी प्रश्नोत्तरी पाठ करून परीक्षा दिली होती. बाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "समुद्र म्हणजे काय गं?" मी म्हणाले, "खाऱ्या पाण्याचा मोठा साठा." त्यांनी तोच प्रश्न वर्गात विचारला. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. रनाळ्याची एक उंच, धिप्पाड बाई होती, एका उपदेशकाची बायको. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "तापीले पूर येस ना बाई, तसा. पन पल्याड काठ नही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  त्या दिवसापासून मी पाठ केलेलं सांगणं सोडलं.

अहिराणी त्या इथं येऊन शिकल्या, पण स्वतःविषयी बोलताना पुरुषी रूपं वापरायच्या. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एकदा चूक दाखवली, तर म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पण त्या हसल्या की मग बोलतात."

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. आमच्या आवारातून तिकडं जाण्याची पद्धत नव्हती. पण त्या वर्षी बाईंचा वर्ग प्रकटीकरणाच्या पुस्तकात चार घोड्यांपाशी येऊन अडला होता. पांढरा कळला, तांबडा कळला, काळा कळला. चौथा फिकट, आणि त्याच्यावर मरण बसलेलं. फिकट म्हणजे नेमका कसा? बाईंनी दोन बैलगाड्या जुंपायला लावल्या आणि सगळा वर्ग घेऊन घोडेबाजारात दाखल झाल्या.

छत्री काखेत धरून त्या एकेका दावणीपुढं उभ्या राहत, मागं पोरं कडेवर घेतलेल्या बाया. एक म्हातारा मुसलमान व्यापारी बसल्या जागेवरून कौतुकानं बघत होता. बाईंना गिऱ्हाईक समजून त्यानं एक पांढराशुभ्र नुकरा, एक तांबूस कुमैत, एक चट्ट्यापट्ट्यांचा अबलख असे घोडे पुढं आणले. बाई प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणाल्या.

"आपको चाहिए कैसा?"

"फिकट," बाई म्हणाल्या. "एकदम फिकट. बघितल्यावर भीती वाटली पाहिजे."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "बाईसाब, हमारे पास बीमार जानवर नहीं मिलता."

बाई तिथंच थबकल्या. मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत? आजारी. मरायला टेकलेल्याच्या तोंडावर जो रंग येतो, तो." बायांच्या अंगावर काटा आला. व्यापाऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्याला आपण बाईंना दुखावलं असं वाटलं, म्हणून त्यानं वर्गातल्या सगळ्या पोरांना आळीपाळीनं एका गरीब तट्टावर बसवून आणलं.

परत आल्यावर मोठ्या मास्तरांनी कपाट उघडून शब्दकोश पाहिला आणि वाचून दाखवलं. मूळ शब्दाचा अर्थ मुडद्याचा, रोगट रंग असाच होता. "हे इथं पहिल्यापासून होतं," मास्तर किंचित दुखावून म्हणाले. "तुम्ही विचारलं असतं तर."

"मग घोडे दिसले नसते," बाई म्हणाल्या.

पौषात बाईंच्या डोक्यात नोहाचं तारू शिरलं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद असं पुस्तकात आहे. "तीनशे हात म्हणजे केवढं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बायांनी दोन्ही हात पसरले. त्याहून मोठं कोणाला दाखवता येईना. तेव्हा बाईंनी ठरवलं, तारू मोजून आखायचं.

पहिली अडचण हाताची. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोणाचा? बाईंचा हात आखूड. माझा त्याहून थोडा मोठा. मास्तरांना विचारायला गेलो तर त्यांनी बराच वेळ पानं उलटली आणि चष्मा काढून म्हणाले, "ते दिलेलं नाही." शेवटी रनाळ्याच्या त्या उंच बाईचा हात धरायचा असं ठरलं. ती लाजली, पण बांगड्या मागं सारून तिनं हात पुढं केला, आणि त्या हातानं आम्ही दोर मोजला.

आवाराला लागून गावच्या पाटलांचं वावर होतं. ज्वारी निघून गेली होती, नुसती धसकटं उरली होती. पाटील परगावी गेले होते. बाईंनी त्यांच्या घरी सांगून ठेवलं की आम्ही वावरात जरा धडा घेणार आहोत. घरच्यांनी मान डोलावली. धड्याला बाभळीच्या खुंट्या लागतात हे त्यांना कसं कळावं? दिवसभर आम्ही खुंट्या ठोकत होतो. दोराचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं कोणाच्या हातात आहे हे बघितलं, तर तिथं मोठे मास्तर उभे होते. कोटाची वरची दोन बटणं उघडी होती.

सकाळी जाऊन पाहिलं तर एकही खुंटी जागेवर नव्हती. सगळ्या उपटून आवाराच्या फाटकापाशी ढीग करून टाकल्या होत्या.

गावात काय बोलणं चाललंय ते दूधवाल्याकडून कळलं. जुन्या माणसांना चांगलं आठवत होतं, तापीच्या खोऱ्यात रेल्वे आली तेव्हा आधी अशाच खुंट्या आल्या होत्या. मग दोर आले, मग साहेब आले, आणि मग वावरातून रूळ गेले. आता मिशनच्या बाईला पुढं करून सरकार पाटलांचं वावर घेतंय, असा गावाचा समज झाला होता. दूधवाल्यानं त्या दिवशी शेवटचं दूध घातलं. गाड्याही मिळणार नाहीत, असं तो मान खाली घालून सांगून गेला.

 त्यात दोनच दिवसांत मिशनच्या मोठ्या ठाण्यावरचे वयस्कर गोरे साहेब येणार होते, आणि ते बायकांचा वर्ग बंद करायच्या विचारात होते हे सगळ्यांना माहीत होतं. छापील प्रश्नोत्तरी बाईंच्या वर्गात कोणालाच पाठ येत नसे. आधीच्या दोन्ही परीक्षांत तसंच झालं होतं. वर गावाशी भांडण झालेलं कळलं, तर बोलायलाच नको.

मास्तर म्हणाले, "आपण पाटलांची माफी मागू आणि विषय संपवू."

"माफी मागू की," बाई म्हणाल्या. "पण विषय कसा संपवायचा? नोहा अजून आत चढलेला नाही." आणि त्यांनी बायांना खुंट्या परत ठोकायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील आले. थेट गाडीतून उतरून वावरात. मागं बरीच माणसं. मास्तर काखेत तो जाड शब्दकोश धरून बाईंच्या मागं उभे राहिले. 

"बाई, हाई काय चाली ऱ्हायनं मन्हा वावरमा?"

"पाटील, आधी माफ करा. तुम्हाला स्वतःला विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "ही जमीन कोणी घेत नाही. हे जहाज आहे."

"जहाज." पाटलांनी चारी बाजूंना पाहिलं. "तापीमाय तठे ऱ्हायनी, आन जहाज आठे?"

"पाणी नंतर येणार आहे. तुम्ही आत या ना. बाहेर का उभे?"

पाटलांनी खाली बघितलं. दोन खुंट्यांच्या मध्ये दार म्हणून मोकळी जागा सोडली होती आणि ते तिच्या बरोबर बाहेर उभे होते. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वहाणा काढल्या आणि दारातून आत आले.

मग बाईंनी गोष्ट सांगितली. म्हणजे सुरुवात त्यांनी केली, पुढची बायांनी सांगितली. सगळी पृथ्वी बुडणार, एका माणसाला आधी सांगितलं गेलं, त्यानं कोरड्या जमिनीवर जहाज बांधायला घेतलं आणि लोक त्याला हसले. इथं एकजण हसला, पाटलांनी वळून बघितलं आणि तो गप्प झाला. प्रत्येक जातीच्या जनावराची जोडी आत घ्यायची होती, हे ऐकल्यावर पाटलांचा चेहरा बदलला. ते वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"चारा कोठे ठेवा?"

"मधल्या मजल्यावर," बाई म्हणाल्या. मजले तीन होते.

"वरीसभरना चारा शे. मावत नही." पाटील खाली बसले आणि काडीनं मातीत आखू लागले. "मोठला ढोर कसाले? वासरं लेवाले पाहिजे व्हतं. कमी खातंस."

गावातला मुसलमान सुतार पुढं आला. एवढ्या रुंदीला मधे खांब दिल्याशिवाय वरची लाकडी तक्तपोशी टिकणार नाही, असं म्हणून त्यानं खांबांच्या जागी दगड मांडायला सुरुवात केली. मारवाडी दुकानदार आला होता तो केवळ बघायला; पण धान्य तळाला ठेवायचं ऐकून त्याला राहवेना. खाली ओल येते, पोती वर घ्या, असं त्यानं निक्षून सांगितलं. हत्ती कुठं उभा करायचा यावरून दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. मास्तरांनी शब्दकोशातलं तारवाचं चित्र उघडून दाखवलं तेव्हा माणसांनी त्यांना गराडा घातला. हळदीची, मातीची, तंबाखूची बोटं त्या पानावर उमटली. मास्तर पुस्तक घट्ट धरून उभे होते, आणि मी पाहिलं, ते हसत होते.

अशा वेळी साहेबांचा टांगा आला. एक दिवस आधीच. साहेब टोपी हातात घेऊन वावराच्या कडेला उभे राहिले. त्यांचं मराठी स्वच्छ आणि पुस्तकी होतं.

"आपण सर्व येथे काय करीत आहात?"

पाटलांनी मान वर न करता सांगितलं, "चारा."

साहेबांनी वाद घातला नाही, कौतुकही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायांची परीक्षा घेतली. छापील प्रश्न, छापील उत्तरं. बाया घाबरून चुकल्या, अडल्या, एकीनं पहिल्या प्रश्नाला चौथ्याचं उत्तर दिलं. साहेबांनी पुस्तक मिटलं. ते दुष्ट नव्हते. त्यांनी अगदी हलक्या आवाजात सांगितलं की बाईंचे श्रम त्यांना दिसत आहेत, पण या वर्गातून काही निष्पन्न होत नाही. शनिवारी वर्ग बंद होईल आणि स्त्रिया घरी जातील.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याजवळ एवढी छत्री होती, पण हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

तेव्हा रनाळ्याची उंच बाई उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि साहेबांकडे न बघता, जमिनीकडे बघत बोलली.

"आम्ही कशा जाऊत, साहेब? आम्ही जहाजमा शेतस. पानी आजून उतरनं नही."

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या म्हणतात, त्या तारवात आहेत," मी सांगितलं. "पाणी अजून ओसरलेलं नाही. बाहेर कसं पडायचं?"

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एकीनं तर पोराला मांडीवर घट्ट ओढून घेतलं, जणू पाणी उंबऱ्यापाशी आलंय. साहेबांनी एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "पाणी केव्हा ओसरेल?" त्यांनी बाईंना विचारलं.

"होळीपर्यंत," बाई म्हणाल्या. 

"मग होळीपर्यंत आपण थांबू."

पाटलांनीही तेवढे दिवस वावराला नांगर लावला नाही. येताजाता ते खुंट्यांच्या आत चक्कर मारत. होळी झाल्यावर त्यांनी खुंट्या स्वतः उपटून, मोळी बांधून आवारात पोचवल्या. पुढल्या दिवाळीला वर्ग पुन्हा भरला, त्यापुढल्याही. बंद करण्याची गोष्ट परत निघाली नाही. मास्तरांच्या कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली दिसू लागली. त्यांनी ती तिथं का टांगली, हे त्यांना कोणी विचारलं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

बाई आमच्याकडे आणखी काही वर्षं होत्या. मग डोळे कमी झाले, नगरकडच्या भाच्यानं बोलावून घेतलं. जायच्या आधीच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "आज तू घे वर्ग. मी मागं बसते."

मी मार्था आणि मरीयेचा उतारा घेतला. घरी पाहुणे आलेत, मार्था स्वयंपाकात गुंतलीय, तिची बहीण मरीया येशूच्या पायांशी ऐकत बसलीय, मार्था तक्रार करते. मरीयेनं चांगला वाटा निवडला, इथं उतारा संपतो. मी सगळं नीट सांगितलं, कोण कुठं बसलंय तेही सांगितलं, आणि मनात म्हटलं, बरं झालं.

मागून बाईंचा आवाज आला. "एक विचारू का? मग त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला?"

मी पुस्तकात बघितलं. तिथं काही नव्हतं. सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. काहीतरी बरंसं उत्तर जोडून देण्याचा मोह झाला, पण बाई समोर असताना ते तोंडातून निघेना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

 एकजण म्हणाली, मार्थेनंच केला असणार, रागारागात, आणि भाजी खारट झाली असणार. दुसरी म्हणाली, नाही, ऐकून झाल्यावर दोघी मिळून उठल्या असतील. एका डोंगरातल्या पोरीनं, नुकतंच लग्न झालेल्या, भीतभीत सांगितलं की येशू स्वतः उठून चुलीपाशी गेला असेल. त्याला मासे भाजता येत होते, शिष्यांसाठी त्यानं पाण्याकाठी भाजलेच होते. त्यावर अर्ध्या वर्गानं ओरडा केला आणि अर्ध्यानं तिची बाजू घेतली. अहिराणी, डोंगरातली पावरी, मराठी सगळं एकदम सुरू झालं. मी मधे उभी राहून एकीचं दुसरीला समजावत होते, आणि समजावता समजावता स्वतःच वाद घालू लागले होते.

दुपारची घंटा झाली तरी कोणी उठेना. बाईंना निवाडा विचारावा म्हणून मी मागं वळून पाहिलं. भिंतीशी त्यांची बसायची चटई होती, तिची नीट घडी करून ठेवलेली. बाई केव्हा उठून गेल्या होत्या, ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.